राणी लक्ष्मीबाई: तालमीतून घडलेले सामर्थ्य

वाराणसीच्या उत्तरेकडील घाटांवर मराठी वस्तीच्या खुणा जागोजागी आढळतात. भोसले घाटाच्या पुढे रामघाट, त्यापुढे बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्मघाट असा हा पट्टा आहे. येथील अरुंद गल्ल्यांत अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. रामघाटाची ओळख आजही तेथील सांगवेद विद्यालयामुळे वेदाध्ययनाशी जोडलेली आहे. मात्र काशीतील मराठी मंडळींनी पाठशाळेबरोबरच तालीमही जपली होती. याच मराठी काशीत जन्मलेल्या एका मुलीने पुढे तालमीची ही विद्या आपलीशी केली आणि अखेरच्या दिवसापर्यंत सोडली नाही. त्या म्हणजे झाशीच्या राणी लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंचे शौर्य सर्वांना परिचित आहे. परंतु हे शौर्य ज्या शरीरावर उभे होते ते कसे घडले, याचा विचार फारसा होत नाही. त्यांच्या पराक्रमाला दैवी चमत्कार मानण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात त्यामागे पहाटे उठून केलेला नियमित व्यायाम होता आणि त्याची नोंद समकालीन मराठी लेखनात उपलब्ध आहे.

काशी ते ब्रह्मावर्त

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली. दुसरे बाजीराव यांनी वार्षिक आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन स्वीकारून कानपूरजवळील ब्रह्मावर्त, म्हणजेच बिठूर येथे वास्तव्य केले. त्यांचे बंधू चिमाजीअप्पा काशीस राहिले. त्यांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे आणि त्यांच्या पत्नी भागीरथीबाई यांच्या पोटी १९ नोव्हेंबर १८३५ रोजी कन्या जन्मली, असे त्यांचे मराठी चरित्रकार दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी नोंदविले आहे. काही अभ्यासक जन्मवर्ष १८२८ मानतात. शहराच्या दक्षिणेस, अस्सी घाटानजीकचा भदैनी हा भाग त्यांचे जन्मस्थान म्हणून ओळखला जातो. मुलीचे नाव मणिकर्णिका ठेवण्यात आले. घरात तिला मनू म्हणत.

चिमाजीअप्पांच्या निधनानंतर मोरोपंत बाजीरावांच्या आश्रयाला ब्रह्मावर्तास गेले. मनू लहान असतानाच तिची आई वारली. त्यामुळे तिचे बालपण बहुतांशी पुरुषमंडळींच्या सहवासात गेले. बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब आणि वाड्यातील इतर मुलांसमवेत तिने अक्षरओळख करून घेतली, घोड्यावर बसण्याचा सराव केला आणि तलवार हाती धरली. त्या काळी मुलींना घरकामापलीकडचे शिक्षण क्वचितच मिळे. मनूला ते मिळाले, याला तिचे आईविना वाढणे आणि वाड्यातील मोकळे वातावरण ही दोन्ही कारणे होती.

मल्लखांबाची विद्या

बाजीरावांच्या दरबारातील बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे मराठी व्यायामपरंपरा मानते. त्यांच्या परंपरेतील कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव काशीच्या आखाड्यांशी निगडित आहे. ब्रह्मावर्ताच्या वाड्यात नानासाहेब, तात्या टोपे आणि मनू यांना हीच विद्या मिळाली, असे परंपरेने सांगितले जाते.

मल्लखांब हा मूळचा पैलवानांचा पूरक व्यायाम. सागवानाचा किंवा शिसवाचा, वर निमुळता होत गेलेला, जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीचा खांब पुरून त्यास एरंडेल चोळले जाते. गुळगुळीत खांबावर टिकून राहण्यासाठी मांड्या, पोटऱ्या, दंड, मनगटे आणि पोटाचे स्नायू एकाच वेळी कामास लागतात. अढी, दसरंग, फरारे, सुईदोरा अशा प्रकारांत स्वतःच्या शरीराचे संपूर्ण वजन कधी मांडीच्या पकडीवर, तर कधी हातांवर पेलावे लागते. आजच्या परिभाषेत हा स्नायूंची ताकद वाढविणारा व्यायाम होय. त्यासाठी लागणारे वजन बाहेरून आणावे लागत नाही, इतकेच.

घोडेस्वारीशी या व्यायामाचे नाते जवळचे आहे. स्वाराची मांड पक्की असेल, तर लगाम आणि शस्त्र यांसाठी हात मोकळे राहतात. खांब मांडीत धरून तोल सांभाळण्याची सवय झालेल्या व्यक्तीस घोड्याची पाठ परकी वाटत नाही. लक्ष्मीबाईंच्या अश्वविद्येचा पाया येथे असावा, असे म्हणण्यास निश्चितच जागा आहे.

वैधव्य आणि व्यायाम

१८४२ मध्ये मनूचा विवाह झाशीचे संस्थानिक गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. १८५१ मध्ये त्यांना पुत्र झाला, परंतु तो काही महिन्यांतच दगावला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी नात्यातील आनंदराव या बालकास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. लॉर्ड डलहौसी यांच्या सरकारने हे दत्तकविधान मान्य केले नाही आणि १८५४ मध्ये झाशी संस्थान खालसा केले.

ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या उच्चवर्णीय स्त्रीने त्या काळी केशवपन करून माजघराच्या कोपऱ्यात उर्वरित आयुष्य कंठावे, अशी रूढी होती. लक्ष्मीबाईंनी धर्माचरण सोडले नाही. केस राखल्याबद्दलचे प्रायश्चित्त त्या नित्य घेत असत. परंतु शरीर झिजवणे म्हणजेच धर्म, ही समजूत त्यांनी स्वीकारली नाही.

त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी केले आहे. गोडसे भटजी १८५७ मध्ये दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या धामधुमीत झाशीत अडकले. त्यांचा माझा प्रवास हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार लक्ष्मीबाईंना कसरतीची मोठी आवड होती. त्या पहाटे उठून सुमारे दोन घटका, म्हणजे पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ, मल्लखांब करीत. त्यानंतर घोडा मंडळावर धरीत आणि हत्तीवरून फेरी मारीत. मग खुराक आणि दूध घेऊन स्नानास जात. पूजाअर्चा आणि दरबार हे त्यानंतरचे. व्यायाम, पोषक आहार आणि नियमितपणा ही आधुनिक प्रशिक्षकांची त्रिसूत्री या दिनक्रमात स्पष्ट दिसते.

दरबारात त्या अनेकदा पायजमा, अंगरखा आणि टोपी अशा पुरुषी वेषात बसत. घोड्यांची पारख करणाऱ्या त्या काळच्या मोजक्या जाणकारांत त्यांची गणना होई. स्वतःपुरती ही विद्या मर्यादित न ठेवता त्यांनी आपल्या दासींना आणि नगरातील स्त्रियांना घोड्यावर बसण्याचे व शस्त्र चालविण्याचे शिक्षण दिले, असे झाशीची परंपरा सांगते.

कसोटीचे तीन महिने

जून १८५७ मध्ये झाशीतील फौजेने उठाव केला. त्यानंतर राज्यकारभाराची सूत्रे लक्ष्मीबाईंकडे आली. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज यांची फौज झाशीसमोर येऊन ठाकली. वेढ्याच्या काळात तोफांच्या मोर्चांवर स्त्रिया काम करीत होत्या आणि दारूगोळा वाहून नेत होत्या, ही बाब इंग्रज सेनाधिकाऱ्यांनीही नमूद केली आहे. उन्हाळ्यात, सतत गोळागोळी सुरू असताना, जड ओझी घेऊन तटावर चढउतार करणे हे नुसत्या इच्छाशक्तीने होणारे काम नव्हे.

१ एप्रिल रोजी बेतवाकाठी तात्या टोपे यांच्या मदतीस आलेल्या सैन्याचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. ४ एप्रिलच्या रात्री मोजक्या स्वारांसह राणी किल्ल्याबाहेर पडल्या. तटावरून घोड्यासह उडी घेतल्याची कथा लोकप्रिय असली, तरी खरा विस्मय पुढच्या प्रवासाचा आहे. सुमारे नऊ वर्षांच्या दामोदररावास सोबत घेऊन त्यांनी काल्पीची वाट धरली. भांडेरजवळ इंग्रज घोडदळाने त्यांना गाठले. झालेल्या चकमकीत पाठलागावरील अधिकारी जखमी झाला आणि राणी निसटल्या. झाशी ते काल्पी हे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. काही दिवसांच्या जागरणानंतर ते घोड्यावर कापण्यासाठी लागणारी दमछाट एका रात्रीत येत नाही. ती वर्षांच्या सरावाची कमाई असते.

काल्पीच्या वाटेवर गोडसे भटजींची आणि त्यांची पुन्हा गाठ पडली. राणी धुळीने माखलेल्या होत्या आणि तहानेने व्याकूळ होत्या. भटजी विहिरीतून पाणी शेंदण्यास पुढे झाले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी कष्ट घेऊ नयेत असे सांगून त्यांनी दोर स्वतःच्या हाती घेतला, पाणी काढले आणि ओंजळीने प्यायल्या. राज्य गेले होते, सैन्य विखुरले होते, पण आपले ओझे आपण उचलण्याची सवय शिल्लक होती.

काल्पीच्या पाडावानंतर १ जून रोजी राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर ताब्यात घेतले. ग्वाल्हेरनजीक कोटा की सराय येथील लढाईत, स्वाराच्या वेषात लढताना लक्ष्मीबाईंना वीरमरण आले. त्यांच्या मृत्यूची तारीख काही ठिकाणी १७ जून, तर काही ठिकाणी १८ जून १८५८ दिली जाते. नवा घोडा ओढा ओलांडेना, म्हणून त्या शत्रूच्या हाती सापडल्या, अशी आख्यायिका आहे. त्यांची सखी मुंदर हिनेही तेथेच प्राण ठेवले, असे सांगतात. पारसनीसांचे जन्मवर्ष ग्राह्य धरल्यास राणींचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते.

आजच्या स्त्रियांसाठी

रणांगण आज बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला येत नाही. तरीही स्नायूंच्या ताकदीची गरज कमी झालेली नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता झपाट्याने घटू लागते आणि पडल्यास अस्थिभंगाचा धोका वाढतो. शरीराचे वजन अथवा अन्य भार पेलणारे व्यायाम हाडे व स्नायू टिकवण्यास, तोल सुधारण्यास आणि रक्तातील साखर नियंत्रणात ठेवण्यास साहाय्य करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. अशा व्यायामाने स्त्रियांचे शरीर पुरुषी होते, ही भीती निराधार आहे. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत बरेच कमी असल्याने ताकद वाढली, तरी स्नायू पुरुषांइतके फुगत नाहीत. जोर, बैठका किंवा पाण्याने भरलेल्या कळशीसारखे घरगुती ओझे, यांपासूनही सुरुवात करता येते. वय झालेल्या अथवा आजारी स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याने आणि हलक्या भाराने आरंभ करणे हितावह ठरते.

मल्लखांबानेही बराच पल्ला गाठला आहे. दोरीचा मल्लखांब महाराष्ट्रातील मुलींनी आपलासा केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. या खेळासाठीचा पहिला अर्जुन पुरस्कार २०२१ साली हिमानी परब या महिला खेळाडूस मिळाला. काशीतही चित्र पालटत आहे. लक्ष्मीबाईंच्या जन्मस्थानानजीक तुळशीघाटावरील जुन्या आखाड्यात पूर्वी केवळ पुरुष मल्ल उतरत. गेल्या काही वर्षांत तेथील माती मुलींच्याही अंगाला लागली आहे.

लक्ष्मीबाईंचे पुतळे देशभर आहेत आणि जवळपास सर्वांत त्या घोड्यावर आरूढ, हाती तलवार घेतलेल्या दिसतात. पहाटेच्या अंधारात खांबाला एरंडेल चोळून कसरत करणाऱ्या राणीचे शिल्प सहसा कोठे आढळत नाही. मात्र पुतळ्यातील ती पक्की मांड याच खांबावर तयार झाली होती.