काळा धूर, फुटलेलं यंत्र आणि बोटीवरून गायब झालेला डिझेल

ट्रकच्या डॅशबोर्डवर धुराच्या फिल्टरचा, म्हणजे डीपीएफचा दिवा लागला की जाणता मेकॅनिक लगेच फिल्टर खोलत नाही. एवढी काजळी इंजिनात तयार का होतेय, हे तो आधी बघतो. नोजल इंधन नीट फवारतंय का, टर्बोची हवा कुठे गळतेय का, कॉम्प्रेशन बसलंय का? कारण इंधनाला वेळेत पुरेशी हवा भेटली नाही की ते अर्धवट जळतं आणि काजळी होते. ज्याच्या नावाने हे इंजिन ओळखलं जातं, त्या रुडॉल्फ डिझेलची उमेदीची वर्षं याच भांडणात गेली.

रुडॉल्फचा जन्म १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील मात्र बव्हेरियाचे. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तिथून ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू मिळाले. वाफेच्या इंजिनात कोळशातली नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता वाया जाते, हे तिथे त्याच्या डोक्यात जे बसलं ते कायमचं.

नोकरी मिळाली ती बर्फ बनवणाऱ्या यंत्रांची. डोक्यात मात्र आग! हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि त्यात सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटेल, ही त्याची कल्पना. १८९३ मध्ये पेटंट हातात आलं. ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप यांनी पैसा लावला.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिला स्फोट झाला, तो अगदी शब्दशः. सिलिंडरमधला दाब कागदावर रेखाटणारं इंडिकेटर नावाचं यंत्र फुटून उडालं. जवळच्यांचा जीव थोडक्यात वाचला. पण इंधन नुसत्या दाबाने पेटतं, हे सिद्ध झालं होतं. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन स्वतःच्या जोरावर चाललं, जेमतेम एक मिनिट.

नंतरची तीन वर्षं निदानाची. इंडिकेटरची आकृती बघायची, ज्वलन कुठे फसलं ते ओळखायचं, सुटा भाग बदलायचा, पुन्हा चालवायचं. आज मेकॅनिक स्कॅनर लावतो, तेव्हा ही आकृती म्हणजेच स्कॅनर होता. शेवटी इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने फवारायची युक्ती लागू पडली. १८९७ च्या अधिकृत चाचणीत इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामी लागली. वाफेची इंजिनं त्याच्या जवळपासही नव्हती.

पैसा आला, तसा गेलाही. परवाने घेऊन बनवलेली सुरुवातीची बरीच इंजिनं बिघडत, गिऱ्हाईक ती परत करत. पेटंटचे वाद होते, प्रकृती ढासळली होती आणि गुंतवणुकीत हात पोळले होते. यंत्राचं निदान करणाऱ्याला स्वतःच्या हिशेबाचं निदान काही जमलं नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेस्डेन बोटीवर तो जेवला आणि केबिनकडे गेला. सकाळी केबिन रिकामी होती. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन देह पुन्हा पाण्यात सोडण्यात आला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं मुलाने ओळखलं. आत्महत्या, अपघात की खून, यावर वाद आजही आहेत. डोक्यावरचं कर्ज बघता पहिली शक्यताच जास्त वाटते.

ट्रकमध्ये रुळलेलं आपलं इंजिन त्याने पाहिलं नाही. हवेच्या झोतासाठी लागणारा कॉम्प्रेसर गाडीवर लादण्याजोगा नव्हता. इंधन थेट फवारणारा डिझेल ट्रक १९२४ मध्ये आला, तोही त्याच ऑग्सबर्गच्या कारखान्याच्या वारसाकडून, म्हणजे एमएएनकडून. काजळीचा प्रश्न मात्र ट्रकबरोबरच आला. भारतात २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल ट्रकच्या धुराच्या वाटेत फिल्टर बसला. साधारण ६०० अंशांवर तो साठलेली काजळी जाळतो. थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत तेवढी उष्णताच तयार होत नाही, म्हणून तो दिवा लागतो.