शत्रूच्या वहीत सापडलेला ‘यागी’ हा शब्द जपानच्याच प्राध्यापकाचं नाव निघाला

फेब्रुवारी १९४२. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि जपानने ब्रिटिशांकडून सिंगापूर जिंकून घेतलं होतं. माघार घेताना ब्रिटिशांनी मागे टाकलेली यंत्रं आणि कागदपत्रं जपानी सैन्याच्या हाती लागली. त्यात रडारचे सुटे भाग होते आणि एका ब्रिटिश रडार तंत्रज्ञाची वहीसुद्धा होती.

वही वाचताना जपानी तंत्रज्ञ एका शब्दाशी अडले. रोमन लिपीत लिहिलेला ‘यागी’ हा शब्द अँटेनाच्या माहितीत पुन्हा पुन्हा येत होता. त्याचा उच्चार यागी करायचा की याजी, हेही त्यांना कळेना. हा काहीतरी सांकेतिक शब्द असावा, असं त्यांना वाटलं. शेवटी युद्धकैदी झालेल्या त्या ब्रिटिश तंत्रज्ञालाच विचारण्यात आलं. विचारणाऱ्यांना हे माहीत नाही, याचंच त्याला जास्त आश्चर्य वाटलं. यागी हे हा अँटेना जगासमोर आणणाऱ्या जपानी प्राध्यापकाचं नाव होतं.

ज्या देशात अँटेना जन्माला आला, त्याच देशाच्या लष्कराला त्याचा पत्ता नव्हता.

आपल्याकडे मात्र हा अँटेना घराघरात पोचला होता. दूरदर्शनच्या काळात गच्चीवर आणि कौलांवर बांबूला बांधलेला तो माशाच्या काट्यासारखा अॅल्युमिनियमचा सांगाडा आठवतोय का? कावळा बसला की ज्याचं तोंड फिरायचं आणि टीव्हीवर मुंग्या दिसायच्या? तोच हा यागी अँटेना. आज वायफायचा सिग्नल लांबवर न्यायचा म्हणून हौशी मंडळी घरी जो अँटेना बनवतात, तोही बहुतेकदा याच जातीचा असतो.

तर हे यागी होते कोण?

ओसाकाचा मुलगा, तीन देशांतलं शिक्षण

हिदेत्सुगु यागी यांचा जन्म २८ जानेवारी १८८६ चा, जपानमधल्या ओसाकाचा. १९०९ साली त्यांनी टोकियो इम्पिरियल विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढे उत्तर जपानमधल्या सेंदाई शहरात शिकवायला सुरुवात केली.

१९१३ मध्ये त्यांना पुढच्या शिक्षणासाठी युरोपला पाठवण्यात आलं. जर्मनीत ड्रेस्डेनला ते हाइन्रिख बार्कहाउझेन यांच्याकडे काम करू लागले. पण वर्षभरातच पहिलं महायुद्ध पेटलं. जपान आणि जर्मनी समोरासमोर उभे ठाकले आणि यागी यांचं जर्मनीतलं काम अर्ध्यावर राहिलं. मग लंडनला जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग आणि तिथून अमेरिकेत हार्वर्डला जॉर्ज वॉशिंग्टन पिअर्स, असा त्यांचा प्रवास झाला. तिघेही रेडिओ विज्ञानातली मोठी नावं. म्हणजे युद्धाने एक दार बंद केलं, पण त्यामुळेच यागी यांना तीन देशांतलं काम जवळून बघायला मिळालं.

१९१६ मध्ये ते जपानला परतले. सेंदाईच्या तोहोकू इम्पिरियल विद्यापीठात त्यांनी एक गोष्ट ओळखली. त्या काळी सगळं जग शेकडो मीटर लांबीच्या रेडिओ लहरींच्या मागे होतं. यागी यांना मात्र काही मीटर किंवा त्याहूनही आखूड लहरींमध्ये भविष्य दिसत होतं. लहर आखूड असली की अँटेनाही छोटा होतो आणि ती हव्या त्या दिशेला वळवणंही सोपं जातं. अशा कामाला पैसा लागतो. सेंदाईतल्याच साइतो होओनकाई या संस्थेने तो पुरवला.

काम कुणाचं, नाव कुणाचं?

इथे गोष्टीत दुसरा माणूस येतो. शिंतारो उदा. जन्म १८९६ चा, म्हणजे यागी यांच्याहून दहा वर्षांनी लहान. १९२४ मध्ये तोहोकू विद्यापीठातून पदवी घेऊन ते यागी यांचे सहायक झाले.

रेडिओ लहरीच्या वाटेत योग्य मापाची धातूची दांडी उभी केली, तर लहरीची ताकद एका बाजूला वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते, हे या प्रयोगशाळेत लक्षात आलं होतं. त्या दांडीला कुठलीही वायर जोडलेली नसते, तरी हे घडतं. मग कामाला लागले ते उदा. दांड्यांची लांबी किती, दोन दांड्यांमधलं अंतर किती, एकूण दांड्या किती, हे सगळं त्यांनी बदलून बदलून मोजून काढलं. मार्च १९२६ पासून पुढची काही वर्षं त्यांनी या एकाच विषयावर जपानी भाषेत ओळीने अकरा शोधनिबंध लिहिले.

त्याआधी फेब्रुवारी १९२६ मध्ये दोघांच्या नावाने एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला होता. पण जपानमधल्या पेटंटचा अर्ज डिसेंबर १९२५ मध्येच गेला होता आणि त्यावर नाव होतं एकट्या यागी यांचं.

१९२८ मध्ये यागी अमेरिकेला गेले, तिथे त्यांनी या अँटेनावर व्याख्यानं दिली आणि इंग्रजीत एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधात त्यांनी उदा यांच्या कल्पकतेचा खास उल्लेख केला आहे. पण निबंध एकट्याच्या नावाने होता. उदा यांचे अकरा निबंध जपानीत असल्याने बाहेरच्या जगाने वाचलेच नाहीत. जगाने वाचला तो यागी यांचा इंग्रजी निबंध, आणि अँटेनाचं नाव पडलं ‘यागी अँटेना’.

यागी यांनी विचार दिला, दिशा दिली, पैसा उभा केला आणि जगापर्यंत पोचवलं. पण दांडीला दांडी जोडून अँटेना चालता केला तो उदा यांनी. आज पाठ्यपुस्तकांत दोघांचंही नाव असतं, ‘यागी-उदा अँटेना’. मराठीत ‘उदा.’ म्हणजे उदाहरणार्थ, त्यामुळे हे आडनाव आहे हे विद्यार्थ्यांना वेगळं सांगितलेलं बरं.

अँटेना चालतो कसा?

बॅटरीचा, म्हणजे टॉर्चचा बल्ब बाहेर काढून पेटवला तर उजेड चहूबाजूंना पसरतो. त्याच्यामागे चकचकीत वाटी लावली की तोच उजेड एका दिशेला लांबवर जातो. बल्बची ताकद वाढलेली नसते, विखुरलेला उजेड फक्त एकवटलेला असतो. यागी अँटेना रेडिओ लहरींचं हेच करतो.

त्यात तीन प्रकारच्या दांड्या असतात. वायर जोडलेली असते फक्त एका दांडीला. तिची लांबी लहरीच्या साधारण निम्मी असते. तिच्यामागे किंचित लांब दांडी असते, ती लहर पुढे ढकलते. तिला रिफ्लेक्टर म्हणतात. पुढच्या बाजूला किंचित आखूड दांड्यांची रांग असते, त्या लहरीला पुढे ओढून नेतात. त्यांना डायरेक्टर म्हणतात. लांबीतल्या या थोड्याशा फरकामुळे प्रत्येक दांडीत निर्माण होणारा प्रवाह थोडा मागेपुढे होतो. परिणामी समोरच्या दिशेला सगळ्या दांड्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून वाढतात आणि मागच्या दिशेला एकमेकींना खोडून काढतात. सिग्नल पाठवताना हे जसं चालतं, तसंच तो पकडतानाही चालतं.

आता हे घरच्या वायफायला लावून बघा. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांब असते. म्हणजे मुख्य दांडी सहा सेंटीमीटरच्या आसपास. लाकडाची एक पट्टी, जाड तांब्याच्या तारेचे तुकडे, कोएक्सियल केबल आणि अँटेना काढता येणारा राउटर एवढ्यावर काम भागतं. २००० नंतरच्या काही वर्षांत परदेशातल्या हौशी लोकांनी चिप्सच्या लांबट डब्यात बोल्ट आणि वॉशर ओळीने बसवून असे अँटेना बनवले होते. ते वॉशर म्हणजे डायरेक्टरच.

फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे माप. टीव्हीच्या लहरी काही मीटर लांब असायच्या, तिथे अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तरी चालून जायचं. वायफायमध्ये दोन-तीन मिलिमीटरची चूकही महागात पडते. दुसरी म्हणजे दिशा. दोन्ही टोकांचे अँटेना एकमेकांकडे तोंड करून हवेत आणि दोन्हीकडच्या दांड्या एकसारख्या हव्यात. एकीकडे उभ्या आणि दुसरीकडे आडव्या असतील तर सिग्नल खूपच कमी होतो.

असं काम उदा यांनी कितीतरी आधी करून दाखवलं होतं. सेंदाईजवळ सुमारे २० किलोमीटरपर्यंत त्यांनी संदेश पाठवून पाहिले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला साकाता बंदर आणि समुद्रातलं तोबिशिमा बेट यांच्यात, सुमारे ४० किलोमीटरवर, याच तंत्राने बिनतारी टेलिफोन सुरू झाला. एका छोट्या बेटाला त्यामुळे मुख्य भूमीशी बोलता येऊ लागलं.

घरी दुर्लक्ष, बाहेर किंमत

मग जपानी लष्कराने हा अँटेना उचलला का नाही?

रडार आधी स्वतः लहरी सोडतं आणि मग त्या आपटून परत येण्याची वाट बघतं. अंधारात कंदील पेटवला की आपल्याला दिसतं, पण शत्रूलाही आपण दिसतो. जपानी लष्करातल्या अनेकांना रडार म्हणजे असा कंदील वाटायचा. त्यामुळे त्यात पुढे जायची घाई कुणाला नव्हती.

तिकडे यागी यांचं अमेरिकेतलं पेटंट आरसीए कंपनीकडे आणि ब्रिटनमधलं मार्कोनी कंपनीकडे गेलं होतं. युद्ध आलं तेव्हा ब्रिटिशांनी पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांवर आणि सर्चलाइटच्या रडारवर यागी अँटेना बसवले. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत अमेरिकेच्या विमानवाहू जहाजांवर रडार होतं, जपानच्या चार विमानवाहू जहाजांवर नव्हतं. ती चारही जहाजं बुडाली. या पराभवाला इतरही कारणं होती, पण रडारमध्ये जपान किती मागे पडलाय हे तेव्हा उघड झालं.

यागी यांच्या वाट्याला यापुढचा काळ फार अवघड आला. १९४२ मध्ये ते टोकियो तंत्रज्ञान संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १९४४ च्या शेवटी सरकारच्या तंत्रज्ञान मंडळाचे प्रमुख. तोवर जपानने विमानासकट स्वतःला शत्रूच्या जहाजावर झोकून देणारे कामिकाझे वैमानिक पाठवायला सुरुवात केली होती. १९४५ च्या सुरुवातीला यागी यांना संसदेत प्रश्नांना सामोरं जावं लागलं. माणसाला मरायला न पाठवता नेमका मारा करणारी शस्त्रं तंत्रज्ञांनी द्यायला हवी होती, ती देता आली नाहीत आणि तरुणांना जीव द्यावा लागतोय, याचं आपल्याला दुःख आहे, अशा आशयाचं ते बोलले. जिथे सगळीकडे बलिदानाचे गोडवे गायले जात होते, तिथे हे बोलणं सोपं नव्हतं.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबाँब पडले. बाँब जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर फुटावा म्हणून त्यात उंची मोजणारी छोटी रडार बसवली होती. त्या रडारचे अँटेना यागी पद्धतीचेच होते.

युद्धानंतर

यागी यांचं काम फक्त अँटेनापुरतं नव्हतं. माणसं हेरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या सेंदाईच्या प्रयोगशाळेतच किंजिरो ओकाबे यांनी १९२७ मध्ये मॅग्नेट्रॉन या उपकरणात मोठी सुधारणा केली. १९३३ मध्ये यागी ओसाका विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि हिदेकी युकावा नावाच्या तरुणाला त्यांनी तिथे जागा दिली. युकावा शोधनिबंधच लिहीत नाहीत म्हणून त्यांची चांगली कानउघाडणीही केली. त्यानंतर युकावांनी लिहिलेल्या मेसॉनवरच्या निबंधाला १९४९ मध्ये नोबेल मिळालं. जपानचं ते पहिलं नोबेल.

युद्ध संपल्यावर सरकारी पदांवर असलेल्या अनेकांप्रमाणे यागी यांनाही सार्वजनिक पदांवरून दूर करण्यात आलं. पुढे १९५२ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची अँटेना कंपनी काढली, १९५३ मध्ये समाजवादी पक्षातर्फे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेले आणि १९५६ मध्ये त्यांना जपानचा ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा मोठा सन्मान मिळाला.

आणि उदा? ते आले होते भारतात. १९५५ ते १९५८ या काळात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम केलं. सप्टेंबर १९५९ मध्ये दिल्लीत टीव्हीचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन. त्यानंतर आपल्या छपरांवर जे दांड्यांचे सांगाडे उभे राहिले, ते घडवणारा माणूस त्याआधी तीन वर्षं याच देशात राहून गेला होता.

१९ जानेवारी १९७६ ला यागी गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उदा गेले. १९९५ मध्ये आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने तोहोकू विद्यापीठात या शोधाचा स्मृतिफलक लावला. त्यावर दोघांचीही नावं आहेत.