आंद्रेआस ग्रुंट्सिग आणि फुग्याचे माप

छाती न उघडता, जांघेजवळील धमनीतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत न्यावयाची आणि तेथील अडथळा एका इवल्याशा फुग्याने दूर सारावयाचा, ही गोष्ट आता इतकी घरगुती झाली आहे की, शेजारच्या काकांची अँजिओप्लास्टी झाली असे आपण सहज बोलून जातो. वैद्यकाच्या जगात ज्याचे नाव या शोधाशी कायमचे जोडले गेले आहे, तो आंद्रेआस ग्रुंट्सिग हा जर्मन डॉक्टर आमच्या वाचकांच्या परिचयाचा असेलच असे नाही. फुगा फुगविणे सोपे आहे. तो नेमका कोठे थांबावा हे ठरविण्यात त्याची कित्येक वर्षे गेली, आणि त्याच्या चरित्रातील तोच भाग आम्हांस सर्वांत वाचनीय वाटतो.

आंद्रेआसचा जन्म 25 जून 1939 रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी झाला. दोनच महिन्यांनी महायुद्ध पेटले. विज्ञान शिकविणारे त्याचे वडील त्या युद्धातून परत आले नाहीत. आईने दोन मुलांना घेऊन दिवस काढले; मध्यंतरी हे कुटुंब अर्जेंटिनातही जाऊन आले. पूर्व जर्मनीतील लाइप्त्सिग येथे शालेय शिक्षण आटोपल्यावर, बर्लिनची भिंत उभी राहण्यापूर्वीच, तो पश्चिमेकडे निघून गेला व हायडेलबर्ग विद्यापीठातून 1964 मध्ये डॉक्टर झाला. 1969 पासून तो स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात होता.

आता थोडे मागे जावयास हवे. अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या डॉक्टराने 16 जानेवारी 1964 रोजी एका 82 वर्षांच्या वृद्धेचा पाय वाचविला होता. पायाची धमनी चोंदल्यामुळे तो कापण्याचा सल्ला तिला मिळालेला होता. डॉटरने अरुंद झालेल्या जागेतून एक नळी घातली, मग तिच्यावरून अधिक जाड नळी सरकविली, आणि वाट मोकळी केली. युक्ती उत्तम, पण तिच्यात एक मोठी अडचण होती. आतली वाट जेवढी रुंद करावयाची, तेवढेच रुंद भोक जांघेतील धमनीला पाडावे लागे. हृदयाच्या नाजूक धमन्यांत असली जाड नळी नेण्याचे तर नावच नको.

ग्रुंट्सिग ही पद्धत शिकला आणि त्याच्या मनाने घेतले की, नळी जाताना बारीक असावी, अडथळ्यापाशी पोचल्यावर जाड व्हावी आणि निघताना पुन्हा बारीक व्हावी. म्हणजेच नळीच्या टोकाशी फुगा हवा. रबराचे फुगे तेव्हा उपलब्ध होते. टॉमस फोगार्टी हा अमेरिकन शल्यविशारद 1960 नंतरच्या दशकात तसल्या फुग्याने धमनीतील रक्ताच्या गुठळ्या बाहेर ओढून काढीत असे. परंतु गुठळी ओढणे वेगळे आणि धमनीच्या भिंतीला चिकटलेला कठीण थर दाबून बाजूस सारणे वेगळे. आमच्या विद्यार्थ्यांनी जत्रेतला लांबट फुगा मुठीत धरून फुगवून पाहावा. मूठ आहे तेथे तो दबलेलाच राहतो आणि मुठीच्या दोन्ही बाजूंस टम्म फुगतो. धमनीतही रबरी फुग्याचे तसेच होई. अडथळा जागच्या जागी, आणि शेजारची निरोगी भिंत मात्र ताणली जाऊन फाटण्याची भीती!

उपाय शोधण्याची जागा होती त्याच्या घरचे स्वयंपाकघर. दिवसभर रुग्णालयात राबून आल्यावर रात्री त्या टेबलावर नळ्या, दोरे, चाकू आणि गोंद यांचा पसारा मांडला जाई. पत्नी मिखाएला, सहायिका मारिया श्लुम्फ आणि तिचा पती हे सारे हाताशी असत. सायकलच्या ट्यूबला टायर आवर घालतो, तसा फुग्याला रेशमाच्या विणलेल्या जाळीने आवर घालावा असा त्याचा प्रथम विचार होता. पुढे हाइन्रिख होप्फ या निवृत्त रसायनशास्त्रज्ञाने त्याला पीव्हीसी या प्लास्टिकची ओळख करून दिली. या प्लास्टिकची पातळ नळी तापवून व आतून दाब देऊन तिचा एक भाग लहानशा सॉसेजसारखा घडविता येई. असा फुगा वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली ताठ होई, पण ठरल्या व्यासापलीकडे सहसा वाढत नसे. जाळीची गरजच उरली नाही. प्रत्येक फुग्याचे माप आधीच ठरलेले असल्यामुळे धमनी पाहून फुगा निवडावयाचा, ही शिस्त तेव्हापासूनची. हृदयाच्या धमनीस साधारण तीन मिलिमीटरचा फुगा लागतो, तर ओटीपोटातून पायाकडे जाणाऱ्या धमनीस आठ मिलिमीटरचाही लागतो. पुढे निघालेल्या काही फुग्यांचे माप दाब किंचित वाढवून अल्पसे वाढविताही येते; पण मर्यादा ठरलेली असावी हे तत्त्व सुटलेले नाही.

12 फेब्रुवारी 1974 रोजी त्याने हा फुगा प्रथम पायाच्या विकाराच्या एका रुग्णासाठी वापरला. मग दोन मार्ग असलेली नळी आली. एका मार्गाने फुग्यात द्रव भरावयाचा व दुसऱ्याने अडथळ्यापुढील रक्ताचा दाब मोजावयाचा. द्रवच का, तर फुगा फुटलाच तर हवा रक्तात शिरू नये. कुत्र्यांवरील प्रयोग त्याने 1976 मध्ये अमेरिकेतील मायामी येथे तज्ज्ञांपुढे मांडले, तेव्हा पुष्कळांना ते खरे वाटेना.

16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिक येथे 38 वर्षांचा एक रुग्ण टेबलावर होता. हृदयाच्या पुढील भागास रक्त देणाऱ्या धमनीत अगदी छोटा, पण घातक अडथळा होता. ओके सेनिंग या ख्यातनाम शल्यविशारदाचा विभाग पाठीशी होता. प्रसंग पडल्यास छाती उघडण्याची तयारी होती. रुग्ण संपूर्ण जागा होता. फुगा फुगला, ओसरला, पुन्हा फुगला. पुढील रक्ताचा दाब वाढला आणि अडथळा दूर झाला. शल्यविशारदांना काहीच करावे लागले नाही.

यशाने माणसे बोलकी होतात. ग्रुंट्सिगने 1979 मध्ये आपल्या पहिल्या 50 रुग्णांची हकीकत छापली, तीत 32 जणांच्या बाबतीतच फुग्याला यश आले हे स्पष्ट लिहिले. कोणत्या रुग्णास हात लावू नये हे तो पुन्हा पुन्हा सांगे. इतरांना शिकविताना प्रत्यक्ष उपचार चालू असता ते पडद्यावर दाखवी, मग त्यात यश येवो वा अपयश. उघडलेली धमनी काही महिन्यांत पुष्कळांच्या बाबतीत पुन्हा आकसे, हेही त्याने लपविले नाही. त्या दुखण्यावरील उपाय, म्हणजे धमनीत बसविण्याची धातूची जाळी, 1986 मध्ये मनुष्याच्या हृदयात प्रथम वापरली गेली. ती पाहावयास तो नव्हता.

1980 मध्ये तो अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेला होता. तेथे त्याला विमान चालविण्याचा छंद होता. 27 ऑक्टोबर 1985 रोजी समुद्रकाठच्या घराहून अटलांटास परतताना, वादळी हवेत, जॉर्जिया राज्यातील फोर्साइथजवळ त्याचे छोटे विमान कोसळले. त्यात तो आणि त्याची दुसरी पत्नी मार्गारेट दोघेही गेली. त्याचे वय 46 होते. ज्या डॉटरपासून त्याने स्फूर्ती घेतली, तोही त्याच वर्षी वारला होता.

झुरिकच्या त्या पहिल्या रुग्णाची तपासणी 1987 मध्ये एमरी येथे पुन्हा झाली. दहा वर्षांपूर्वी फुग्याने मोकळी केलेली धमनी तशीच मोकळी होती.