ज्ञानदानाचे व्रती : कर्मवीर भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका धर्मनिष्ठ दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते. घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. घरी आचारधर्माचे संस्कार होते. परंतु विहिरीवर अस्पृश्यांना पाणी नाकारले जाते हे पाहून तिचा रहाट मोडून टाकणाऱ्या या मुलाला अहिंसा केवळ आहारापुरती मर्यादित वाटत नव्हती.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मॅट्रिकही न झालेले भाऊराव पुढे साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले व ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले गेले.

स्वकीयांचे छप्पर सुटल्याचे शल्य त्यांनी कटुतेत वाया घालविले नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. आश्रयदात्याचे ऋण अशा रीतीने स्मरणात राहिले.

या कार्यात धर्मपत्नी लक्ष्मीबाईंचा त्याग अलौकिक होता. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या श्राविकेने सर्व मुलांना मातेच्या मायेने जेवू घातले. धान्यासाठी एकेक दागिना गेला आणि अखेरीस मंगळसूत्रही त्यांनी दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. अपरिग्रहाचे व्रत या माउलीने प्रत्यक्ष जगून दाखविले.

शिक्षकच घडविले पाहिजेत, हे जाणून १९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यास अध्यापक विद्यालय काढले. १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या या गुरुवर्यांना १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने डी.लिट. देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

समाजाने त्यांना संस्कार दिले आणि एकदा दारही बंद केले. या दोहोंतूनच सर्वांसाठी उघडे राहणारे दार त्यांनी उभारले. पन्नाशी गाठणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेने आपल्या दाराकडे पाहताना त्यांचे स्मरण ठेवावे. कर्मवीरांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!