नगरांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

नाडी पाहिल्यावाचून वैद्य औषध देत नाही. परंतु आजारी गावास औषध देताना हा साधा नियम पुष्कळदा विसरला जातो. गल्ली अरुंद व घाणेरडी दिसली, की घरे पाडून सरळ रस्ता काढावा, एवढेच सुचते. पाडलेल्या घरांतील माणसे कोठे गेली, याची विचारपूस होत नाही. ती विचारपूस करण्यास ज्या थोर पुरुषाने जगाला शिकविले, त्या पॅट्रिक गेडिस यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी जाणावे असे आहे. आज खुद्द बारामतीस वास्तुकलेचे शिक्षण मिळते. उद्या आपल्यापैकी जे कोणी नकाशाची पेन्सिल हाती धरतील, त्यांस तर ते विशेषच उपयोगी पडेल.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडातील बॅलेटर या गावी झाला. वडील पलटणीत नोकरीस होते. पर्थ शहराजवळच्या टेकडीवर त्यांचे घर होते. तेथे वडिलांच्या हाताखाली पॅट्रिक बागकाम शिकला, पुढे सुतारकामही शिकला. हाताने केलेले काम आणि डोळ्यांनी पाहिलेली सृष्टी हेच त्याचे पहिले गुरू होत. काही काळ पेढीत नोकरी केल्यावर तो लंडनला गेला व प्रसिद्ध शास्त्रज्ञ हक्सले यांच्यापाशी जीवशास्त्राचा अभ्यास करू लागला.

१८७९ साली संशोधनासाठी मेक्सिको देशात गेला असता त्याच्यावर मोठे संकट कोसळले. त्याची दृष्टी एकाएकी गेली, आणि कित्येक आठवडे डोळ्यांस पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत बसणे प्राप्त झाले. सूक्ष्मदर्शकावर ज्याची सारी भिस्त, त्या तरुणाची त्या वेळी काय अवस्था झाली असेल! परंतु त्याने धीर सोडला नाही. खिडकीच्या तावदानांची चौकट हाताने चाचपून, कागदाच्या घड्या घालून, त्या घड्यांत आपले विचार मांडण्याची एक नवी रीत त्याने बसविली. पुढे दृष्टी परत आली; पण सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे होईना. तेव्हा किड्यामुंग्यांऐवजी मनुष्यांच्या वसतिस्थानांकडे त्यांचे लक्ष वळले.

१८८६ साली त्यांचा अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. लवकरच ही जोडी एडिंबरो शहराच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत जेम्स कोर्ट येथे मुद्दाम राहावयास गेली. शेजाऱ्यांना उपदेश करीत न बसता गेडिस यांनी हाती झाडू व चुन्याचा कुंचला घेतला. पाहता पाहता शेजारीही कामास लागले. भिंती उजळल्या, खिडक्यांत फुलझाडे आली, पडीक जागी बागा झाल्या. १८८७ साली तेथेच त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले व त्याचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती दिला. १८८८ पासून ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९२ साली एडिंबरोतील एक उंच मनोरा त्यांनी घेतला. त्यावरून विद्यार्थ्यांना प्रथम आपले शहर, मग देश, मग जग पाहावयास ते शिकवीत.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानास निघाले. त्यांनी वर्षानुवर्षे जमविलेले नगरांचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने बुडविले. मित्रांनी नवे नकाशे व चित्रे गोळा करून पाठविली, आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेस प्रदर्शन भरलेच.

त्या काळी आपल्या इलाख्यात काय चालले होते? १८९६ साली मुंबईत प्लेग आला व १८९८ साली शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. रोगट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. परंतु घर गमावलेली गरीब कुटुंबे शेजारच्याच वस्तीत शिरत, आणि तेथील गर्दी वाढे. इतर नगरांतही हाच कित्ता गिरविला जात होता. गेडिस यांनी यास विरोध केला. दिवसदिवस गल्लीबोळांतून पायी हिंडून, एकेक घर, विहीर, झाड पाहिल्यावाचून ते नकाशावर रेघ ओढीत नसत. अगदी मोडकळीस आलेले एखादे घर काढावे, त्या जागी छोटे अंगण मोकळे करावे, बाकीची घरे दुरुस्त करावी, अशी त्यांची रीत होती. मराठ्यांची जुनी राजधानी जे तंजावर, तेथील एका वस्तीसाठी त्यांनी सुचविलेला उपाय ठरलेल्या खर्चाच्या सुमारे एक षष्ठांशात होण्याजोगा होता. डासांच्या भयाने तळी बुजवू नयेत, त्यांत मासे सोडावे व बदके पाळावी, असेही ते सांगत.

इंदूरची हकीकत तर फारच मनोरंजक आहे. तेथे प्लेगाचा उपद्रव होता. होळकर महाराजांच्या संमतीने गेडिस यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढली. जो मार्ग सर्वांत स्वच्छ, त्यावरून मिरवणूक जाईल, असे जाहीर होताच घरोघर झाडलोट, डागडुजी व रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत सफाईचे काम करणाऱ्या बांधवांस मानाचे स्थान मिळाले, आणि शेवटी घाणीच्या राक्षसाचे व प्लेगाच्या उंदराचे दहन झाले. इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

हे कार्य त्यांनी कोणत्या दुःखात केले, ते ऐकून मन द्रवते. १९१७ साली थोरला मुलगा अ‍ॅलस्डेअर फ्रान्सच्या रणांगणावर पडला. त्याच वेळी अ‍ॅनाबाई हिंदुस्थानात विषमज्वराने अंथरुणास खिळल्या होत्या. पुत्राची वार्ता गेडिस यांनी त्यांना कळू दिली नाही, आणि त्याच वर्षी त्याही निवर्तल्या.

१९१९ ते १९२४ पर्यंत ते मुंबई विश्वविद्यालयात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे नावारूपास आलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच उच्च शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्याची शिफारस केली. गेडिस यांच्यात दोष नव्हते असे नाही. त्यांचे बोलणे दाढीतल्या दाढीत विरून जाई, लिहिणे क्लिष्ट असे, आणि आरंभिलेल्या कित्येक योजना अपुऱ्या राहिल्या. प्रकृती ढासळल्यावर ते फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले व तेथेही त्यांनी विद्यार्थ्यांसाठी विद्यालय उभारले. १९३२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

विद्यार्थी मित्रहो, नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि बारामतीचे रूप पालटले. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, तेव्हा इंदापूर तालुक्यातील कित्येक गावांना वडिलार्जित घरे पाण्याखाली सोडून नव्या जागी बसावे लागले; पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की अजून वर दिसते. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या आपण दरवर्षी पाहतो. अशा माणसांस स्वस्त, थंड व स्वच्छ निवारा कसा द्यावा, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. तो सोडवू इच्छिणाऱ्याने आपल्याच आळीपासून आरंभ करावा. सावली कोठे पडते, सांडपाणी कोठे साचते, म्हाताऱ्यांची बसण्याची जागा कोणती, मुले कोठे खेळतात, हे पायी हिंडून वहीत टिपावे, त्या घरांत राहणाऱ्यांस विचारावे, आणि मगच पेन्सिल उचलावी. गेडिस यांचे स्मारक करण्याची याहून चांगली रीत नाही.