नारायणराव पेशवे : एका खुनाची किंमत

चिंचवडहून जुन्या महामार्गाने लोणावळ्याकडे निघाले की वडगाव मावळ लागते. जानेवारी १७७९ मध्ये येथे इंग्रजांनी मराठ्यांपुढे हार मानून तह केला. त्या युद्धाचे मूळ मात्र शनिवारवाड्यातील एका खुनात होते. त्या खुनाला बळी पडलेल्या नारायणराव पेशव्यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

नारायणराव हे नानासाहेब व गोपिकाबाईंचे धाकटे पुत्र. जन्म १७५५ चा. १७६१ साली पानिपतावर थोरले बंधू विश्वासराव पडले. त्याच वर्षी वडीलही निवर्तले. पुढे बंधू माधवराव व चुलते रघुनाथराव यांच्यात भाऊबंदकी पेटली. आळेगाव येथे १७६२ मध्ये व धोडपला १७६८ मध्ये मराठेच मराठ्यांशी लढले. तरीही माधवरावांनी राज्याची घडी पुन्हा बसविली. नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने त्यांचा अंत झाला आणि सतरा वर्षांच्या नारायणरावांकडे पेशवाई आली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पगार थकल्याचा कांगावा करीत गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत जाऊन चुलत्याला बिलगले. पण तेथेही त्यांना अभय मिळाले नाही. त्यांना वाचविताना चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला.

रघुनाथराव पेशवे झाले. परंतु न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांनाच दोषी ठरविले व पुणे सोडले. नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी विधवा गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवले. एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली.

रघुनाथरावांनी १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी तह करून साष्टी व वसई देऊ केली. सात वर्षे युद्ध चालले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, पण साष्टी कायमची गेली. घर सावरण्याच्या वेळीच घरातील भांडणाने परक्याला दार उघडून दिले.

याच सवाई माधवरावांनी १७९२ साली आपल्या सेवेतील ख्रिस्ती सैनिकांसाठी पुण्यात चर्चला जमीन दिली. तेच आपले सिटी चर्च. जन्मापूर्वीच पित्याला मुकलेल्या त्या राजपुरुषाचे हे औदार्य आपण स्मरावे. आपल्या घरांतही वाटणीचे वाद असतात. ते वेळीच मिटवावेत, एवढेच आमचे सांगणे.