कंपनातून वीज: पिएर क्युरीची गोष्ट, आणि आमच्या फरशीची

घरातला गॅसचा लायटर दाबून बघा. टक् आवाज येतो आणि ठिणगी उडते. आत सेल नाही, वायर कुठल्या सॉकेटला लावलेली नाही. मग वीज आली कुठून? तुमच्या अंगठ्याच्या जोरातून. लायटरमध्ये एक छोटी हातोडी सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते आणि त्या धक्क्याने काही हजार व्होल्ट तयार होतात. याला पिएझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. ग्रीक भाषेत पिएझीन म्हणजे दाबणे.

याच परिणामावर आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट केला होता: चालताना वीज तयार करणारी फरशी. तो कसा फसला ते शेवटी सांगतो. आधी हा परिणाम ज्याने शोधला त्याच्याबद्दल, कारण त्याला बहुतेक जण फक्त मेरी क्युरीचा नवरा म्हणून ओळखतात.

शाळेत न गेलेला मुलगा

पिएर क्युरीचा जन्म 15 मे 1859 चा, पॅरिसचा. वडील डॉक्टर. पिएर एका विषयात शिरला की त्यातच बुडून जायचा, घंटा वाजली की विषय बदला हे त्याला जमणारं नव्हतं. म्हणून घरच्यांनी त्याला शाळेत घातलंच नाही, घरी शिकवलं. अठराव्या वर्षी त्याच्याकडे विज्ञानाची पदवी होती. पुढे शिकायला पैसे नव्हते, म्हणून त्याने विद्यापीठात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी धरली.

थोरला भाऊ जाकही तिथेच सहायक होता. दोघांना स्फटिकांचं वेड. 1880 मध्ये त्यांनी टुर्मलिन, क्वार्ट्झ, पुष्कराज, इतकंच काय, उसाच्या साखरेचा स्फटिकही दाबून पाहिला. दोन बाजूंना कथिलाचा पत्रा लावला, वायर जोडली, आणि दाब दिला की विद्युतभार मिळाला.

हा नशिबाने लागलेला शोध नव्हता. कुठल्या स्फटिकात हे घडेल याचा अंदाज त्यांनी रचनेवरून आधीच बांधला होता. ज्या स्फटिकाची रचना मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखी नसते, त्यालाच दाबल्यावर आतले धन आणि ऋण भार एकमेकांपासून सरकतात. पुढच्याच वर्षी लिपमान या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की उलटंही घडलं पाहिजे: वीज दिली तर स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावेल. भावांनी तेही प्रयोगाने सिद्ध केलं. बहुतेक फोनमध्ये वेळ मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक यावरच चालतो. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो.

जिन्याशेजारची लॅब

1882 पासून पिएर पॅरिसच्या औद्योगिक भौतिकी-रसायन शाळेत नोकरीला लागला आणि तिथे 22 वर्षं राहिला. स्वतःची लॅब नव्हती, जिन्याजवळच्या बोळात प्रयोग चालायचे. त्याच काळात त्याने चुंबकत्वावर काम केलं. तापवल्यावर लोहचुंबक ज्या तापमानाला आपलं चुंबकत्व गमावतो, त्याला आज क्युरी तापमान म्हणतात.

1895 मध्ये त्याचं मेरीशी लग्न झालं. लग्नाच्या आहेराच्या पैशांतून दोघांनी सायकली घेतल्या आणि त्यावरूनच फिरायला गेले. पुढे मेरीला युरेनियममधून निघणाऱ्या किरणांचा परिणाम मोजायचा होता. तो प्रवाह अँपियरच्या अब्जाव्या भागाहूनही लहान. तिथे भावांनी बनवलेलं क्वार्ट्झचं उपकरण कामी आलं. स्फटिकाच्या पट्टीला वजन लावून ठरावीक भार तयार करायचा आणि किरणांमुळे आलेला भार त्याने बरोबर खोडून काढायचा. तराजूसारखंच. या मोजमापातून 1898 मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडलं. 1903 मध्ये दोघांना बेकेरेलसोबत नोबेल मिळालं. फ्रान्स सरकारचा सन्मान मात्र पिएरने नाकारला. त्याला पदक नको होतं, लॅब हवी होती. ती मनासारखी कधीच मिळाली नाही. 19 एप्रिल 1906 ला पावसात रस्ता ओलांडताना तो घोडागाडीखाली आला आणि जागीच गेला. वय 46.

कंपन कमी कसं होतं?

आता मूळ मुद्दा. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. टायरला टेकवला की दिवा लागतो, पण पॅडल जड होतं. वीज फुकट येत नाही, ती गतीतून कापली जाते. थरथरणाऱ्या पट्टीवर पिएझोचा तुकडा चिकटवून वीज काढली की पट्टीचंही तसंच होतं: तिची थरथर लवकर शमते. 1990 च्या दशकात बर्फावर घसरायच्या स्कीमध्ये हे वापरलं गेलं. थरथरीतून वीज बनवायची आणि ती सर्किटमध्ये उष्णता करून जिरवायची.

यात दोन गोम आहेत. वायर मोकळ्या सोडल्या तर प्रवाहच नाही. दोन्ही टोकं थेट जोडली तर प्रवाह आहे, पण ऊर्जा जिरायला जागा नाही. मधला नेमका रेझिस्टर शोधावा लागतो, आणि तो कंपनाच्या वेगाप्रमाणे बदलतो. दुसरी गोम: कंपन जितकं चांगलं थांबेल, तितकी वीज कमी मिळेल. म्हणून मुख्य काम काय, कंपन थांबवणं की वीज मिळवणं, हे आधी ठरवायला लागतं.

मी सुप्याचा. आमच्याकडे एमआयडीसीत प्रेस चालू असला की शेजारी उभं राहिल्यावर तळपायाला कळतं. आजूबाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. अशा ठिकाणी मिळणारी वीज सहसा मिलिवॅटमध्ये असते. त्यावर गावाचे दिवे लागणार नाहीत. पण बेअरिंग खराब होतंय का हे सांगणारा छोटा सेन्सर चालू शकतो, आणि सेल बदलायला कोणाला उंच टॉवरवर चढावं लागत नाही.

आणि आमची फरशी

आम्ही प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये पिएझोच्या 12 चकत्या बसवल्या. उडी मारली की एलईडी लुकलुकायचा. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलं की एसटी स्टँडवर अशा फरश्या बसवल्या तर तिथले दिवे लागतील. फोनचा साधा चार्जर 10 वॉट मागतो. आम्हाला त्याचा हजारावा भागही सलग मिळत नव्हता. हे मीटरवर दिसत होतं, तरी तो आकडा आम्ही रिपोर्टमध्ये घातला नाही. मार्क चांगले पडले.

पिएर क्युरीबद्दल वाचताना मला तो आकडाच आठवत राहिला. त्याच्याकडे आमच्याइतकंही साहित्य नव्हतं, पण जे काही मिळालं ते त्याने मोजलं आणि तेवढंच सांगितलं. तुमच्यापैकी कोणी यंदा अशी फरशी बनवत असेल, तर खुशाल बनवा. फक्त मीटरवरचा आकडा पहिल्या पानावर लिहा, आणि ती वीज नेमकी कुणाच्या पायातून आली तेही.